चाक कापलेली कातरीन

१९६९ साली, ऑक्टोबरातल्या एका शनिवारी दुपारी मी ठाण्याहून घरी आले, तेव्हा आमच्या कपेलात माझे वडील सांत कातरीनला कमरेला मिठी मारून उभे होते आणि इनास मेस्त्री तिच्या उजव्या कुशीला करवत चालवत होता.

कपेल म्हणजे गावचं छोटं देऊळ. मोठं देऊळ, तिथले फादर आणि तिथली घंटा मैलभर लांब. आमच्या वसईकडच्या प्रत्येक गावाला असं आपापलं एक कपेल आणि त्यात आपापल्या संताचा लाकडी पुतळा असतो. आमच्या कपेलात सांत, म्हणजे संत, कातरीन. आमच्या गावाचं नाव मी सांगत नाही. या गोष्टीतली माणसं गेली, पण त्यांची नातवंडं भांडायला मागे आहेत.

"पास्कूभाऊ, हलू देऊ नका तिला," मेस्त्री म्हणाला.

"मी कुठे हलवतोय? तीच थरथरतेय. तू जरा हळू चालव."

आत्या दारात खराटा घेऊन उभी होती. ही वडिलांची थोरली बहीण. कपेलाची झाडलोट, मेणबत्त्या, फुलं, सगळं चाळीस वर्षं तिच्याच अंगावर. तिचंही नाव कातरीन आणि माझंही कातरीन. गावात ती मोठी कातू, मी धाकटी कातू. "चालव, चालव," ती मेस्त्रीला म्हणाली. "बादशहाने हिला चाकावर घातली तेव्हा चाक मोडलं होतं. बघू या, आज करवत मोडते का."

करवत मोडली नाही. चाक सुटलं, फरशीवर पडलं आणि घरंगळत पहिल्या बाकाखाली गेलं. माझं काळीजही त्याच्या मागोमाग गेलं.

त्या चाकाचं आधी सांगायला हवं. आमची कातरीन आलेक्झांड्रियाची. पोरगी हुशार, देखणी, शिकलेली. बादशहाने तिला मागणी घातली, तिने नाही म्हटलं. त्याने पन्नास पंडित तिच्याशी वाद घालायला पाठवले, तिने पन्नासांनाही गप्प केलं. मग त्याने खिळे ठोकलेलं चाक करवलं आणि तिला त्यावर चढवलं, तर चाकाचेच तुकडे झाले. शेवटी त्याने तिचं डोकं उडवलं, पण लग्न काही झालं नाही. म्हणून तिच्या पुतळ्यात उजवीकडे चाक, डाव्या हातात तलवार आणि पायाखाली बादशहाचं दाढीवालं मुंडकं. लहानपणी मला या सगळ्यात मुंडकंच आवडायचं.

तिच्या चाकाला रिबीन बांधायची आमच्या गावात रीत होती. पंचवीस नोव्हेंबरला, तिच्या सणाच्या दिवशी, ज्या मुलीच्या नावाची रिबीन चाकाला बांधली जाईल, तिला पुढच्या सणापर्यंत कुणी मागणी घालायची नाही आणि घरच्यांनीही तिच्या लग्नाचा शब्द काढायचा नाही. रिबीन मुलीने स्वतः बांधावी किंवा घरातल्या कुणी तिच्यासाठी बांधावी, दोन्ही चालायचं. कुणाच्या घरी दुखणं असायचं, कुणाच्या घरी बाळंतपण, कुणाला मुलगा बोटीवरून परत यायची वाट बघायची असायची. वर्षभराची सवड मिळायची. फादर लोक या रीतीकडे बघून न बघितल्यासारखं करत आणि गाव ती बायबलपेक्षा काटेकोर पाळत असे.

आत्याच्या एक्केचाळीस रिबिनी झाल्या होत्या. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षीसुद्धा सणाच्या दिवशी नवी लाल रिबीन घेऊन ती पुढे यायची आणि बायका तोंडाला पदर लावायच्या. कुणीतरी विचारायचं, "कातूबाय, आता कोण येतंय मागायला?"

"आला एखादा म्हातारा चुकून, तर?" आत्या म्हणायची आणि गाठ पक्की करायची.

माझ्या दोन रिबिनी झाल्या होत्या आणि मला तिसरी हवी होती. ठाण्याला मी शिक्षिकेच्या ट्रेनिंगला होते. दोन वर्षांचा कोर्स, परीक्षा एप्रिल १९७० मध्ये. मागच्या वर्षीची रिबीन या पंचवीस नोव्हेंबरला संपणार होती आणि वडिलांनी शेजारच्या गावच्या सिमाव दोडतींना शब्द देऊन ठेवला होता. रिबीन उतरली की बोलणी, जानेवारीत लग्न. ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या आत उरकायला हवं, मग मुहूर्त नाही. परीक्षेचं काय, असं मी विचारलं तर म्हणाले, लग्नानंतर दे की. दोडतींच्या घरी सहा म्हशी होत्या. सिमावकाकांची बायको रेजीनमावशी पहिल्या भेटीतच माझी बोटं दाबून बघून गेली होती. तिने परीक्षेला सोडलं असतं, पण सहा म्हशींनी सोडलं असतं असं मला वाटत नव्हतं. मुलगा ऑस्टिन गोदीत क्लार्क. त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नव्हती, कारण तो तोंड उघडून एकदाही काही बोलला नव्हता.

मला पाच महिने कमी पडत होते. एक रिबीन बांधली की काम झालं असतं. आणि चाक बाकाखाली पडलेलं.

हे सगळं सुरू झालं सप्टेंबरात. मोठ्या देवळात नवे फादर आले होते, फादर यूजीन. वय तीस, गिटार वाजवायचे, सायकल दोन्ही हात सोडून चालवायचे. त्यांनी एका रविवारी सांगितलं की रोमने संतांचं नवं कॅलेंडर केलंय आणि ज्यांचा इतिहासात पुरावा सापडत नाही, अशा काहींचे सण त्यातून काढलेत. त्यात आमची कातरीन होती.

संध्याकाळी गाव कपेलासमोर जमलं. आत्या सगळ्यांच्या पुढे.

"पुरावा माझाही नाही, फादर," ती म्हणाली. "मी जन्मले त्या सालचं रजिस्टर वाळवीने खाल्लं. मलाही काढा."

फादर भले माणूस. ते हसले आणि म्हणाले की कपेल बंद करायचं कारण नाही, कातरीन नावाच्या संत बायका बक्कळ आहेत, यातली दुसरी घ्या. मग त्यांनी एकेकीची माहिती दिली आणि गावाने स्थळं बघावीत तशा त्या बघितल्या. जिनोव्हाची कातरीन लग्न झालेली निघाली. नवराही उडाणटप्पू होता म्हणाले, तेव्हा ती बाद. बोलोन्याची कातरीन मेल्यावरही कुजली नाही, आजतागायत तिचं शरीर खुर्चीत बसवून ठेवलेलं आहे, असं फादर म्हणाले, तेव्हा बायकांनी ओरडून नको म्हटलं. तिन्हीसांजेला कपेलात एकटं कोण जाईल? उरली सिएनाची. ही जोगीण, पांढरा झगा, काळा अंगरखा, हातात लिलीचं फूल. पोपलासुद्धा पत्रं लिहून झापणारी. तिचा सण एप्रिलअखेर. तेव्हा आंबे असतात, असं कुणीतरी म्हणालं, आणि तिचं जमलं.

नवा पुतळा कुठून आणायचा, यावर माझे वडील लगेच बोलले. ते कपेलाचे प्रमुख. इतर वेळी मोजकं बोलणारे, पण त्या दिवशी त्यांनी सगळं ठरवूनच आणलं होतं. "पुतळा आहेच. नाव तेच, चेहराही चालेल. चाक तेवढं कापायचं आणि रंग द्यायचा."

"म्हणजे ही जाऊन याच पुतळ्यात ती येणार?" आत्याने विचारलं.

"दोघी कातरीनच ना."

"शेजारच्या फरियांच्या सुनेचं नावही तुझ्या बायकोचंच आहे. उद्या तिला आणून चुलीपुढे बसवू?"

लोक हसले, पण ठरलं वडील म्हणाले तेच.

इनास मेस्त्रीने दरवाजे-खिडक्यांचा तेलरंग वापरून आठवड्यात कातरीन बदलली. लाल झगा पांढरा झाला, निळा अंगरखा काळा. सोन्याचा मुकुट तासून त्याला खिळे ठोकले आणि तो काट्यांचा केला. तलवार हातातून निघेना, मूठ पंजातच कोरलेली होती. मेस्त्रीने पातं हिरवं रंगवलं आणि टोकावर कागदी लिली बसवली. राहिलं पायाखालचं मुंडकं. ते कापलं असतं तर सांतच पडली असती. म्हणून त्याला तपकिरी रंग देऊन दगड केलं. पण दाढी काही लपली नाही. दगडाला दाढी कशी, असं पोरं विचारायची.

पुढच्या शनिवारी मी मेस्त्रीच्या घरी गेले आणि चाक मागितलं. माझा विचार साधा होता. चाक कुठेही असो, मी त्याला रिबीन बांधीन, मग गावाने काय ते ठरवावं. मेस्त्री म्हणाला, चाक पास्कूभाऊ त्याच दिवशी घेऊन गेले.

मी वडिलांना विचारलं. ते अंगणात केळीचे घड बांधत होते. वर न बघता म्हणाले, "ते जाळलं मी. चुलवणात घातलं."

"कधी?"

"तू आलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी. पाणी तापलं त्याच्यावर."

म्हणजे त्या रविवारी मिस्सेला, म्हणजे देवळातल्या प्रार्थनेला, जाण्याआधी मी आंघोळ केली ती त्याच पाण्याने. पाणी छान कढत होतं, हेही मला आठवलं. मी खूप बोलले त्यांना. माझा छळ करायचा म्हणून केलंत, सहा म्हशींसाठी मला देताय, असं बरंच काही. घड बांधून झाल्यावर ते म्हणाले, "जानेवारीत लग्न होणार. मग मला सुखाने झोप येईल." मला वाटलं, काय हा माणूस. मुलीला उजवली की याला झोप येणार.

आता गंमत अशी की सण एप्रिलवर गेला तरी पंचवीस नोव्हेंबरचे बँडवाले सांगून झाले होते, डुक्करही ठरलं होतं, आणि वर्षभर सण नाही म्हटल्यावर बायाबापड्या कुरकुरायला लागल्या. तेव्हा फादर यूजीननी तोड काढली. यंदा जुन्या तारखेलाच नव्या कातरीनच्या पुतळ्याला आशीर्वाद द्यायचा, म्हणजे लोकांची तिच्याशी ओळख होईल. आणि ओळख व्हायची तर तिची कहाणी कुणीतरी सांगायला हवी. त्यांच्याकडे एक इंग्रजी पुस्तिका होती. गावात इंग्रजी येणारी मुलगी मी. त्यांनी ती माझ्या हातात दिली आणि मिस्सेनंतर मराठीत वाचून दाखव म्हणाले.

वसतिगृहात डिक्शनरी मांडीवर घेऊन मी भाषांतर करायला बसले, ते रागारागातच. या बाईमुळे माझं चाक गेलं होतं. पाचव्या पानावर मी पेन्सिल खाली ठेवली. मग ते पान पुन्हा वाचलं. मग डिक्शनरीत एकेक शब्द पुन्हा बघितला, न जाणो माझं इंग्रजी चुकत असेल.

सणाच्या आदल्या संध्याकाळी कपेलात आत्या फुलं लावत होती, तिला मी सगळं वाचून दाखवलं. ती अक्षरओळख नसलेली, पण एकदा ऐकलेलं कधी न विसरणारी. तिने ऐकून घेतलं. पाचव्या पानाला तिचा हात थांबला. मग तिने पुतळ्याकडे मान वर करून बघितलं आणि नुसतं म्हणाली, "अस्सं?" आणि पुन्हा फुलं लावायला लागली.

दुसऱ्या दिवशी कपेलात पाय ठेवायला जागा नव्हती. बाहेर मांडव, बँड, भट्टीवर कढया. पहिल्या बाकावर दोडती मंडळी, कारण रिबीन उतरण्याचा दिवस तोच. रेजीनमावशी सोन्याने मढून आलेली, शेजारी ऑस्टिन नव्या बुटांत. पलीकडे माझे वडील कोट घालून. आत्या नेहमीप्रमाणे खाली जमिनीवर, पुतळ्याच्या पायाशी. माझ्या हातात कागद, खांद्याला पिशवी, आणि पिशवीत ट्रेनिंगच्या शिवणवर्गातली कात्री.

इथे एक कबूल करते. माझे केस गुडघ्यापर्यंत होते आणि मला त्यांचा फार गर्व होता. ठाण्याच्या वसतिगृहात मुली मुद्दाम बघायला यायच्या. मी जगात कशाला भीत असेन तर त्या वेणीला काही होण्याला.

मी वाचायला लागले. ही कातरीन पंचवीस भावंडांतली, असं वाचलं तेव्हा बायका हळहळल्या. तिच्या आईसाठी, तिच्यासाठी नव्हे. लहानपणीच तिला देवाचं वेड लागलं. मोठी झाल्यावर आईबापांनी तिचं लग्न ठरवलं. इथे पाचवं पान. मी डोळे वर केले. वेणी खांद्यावरून पुढे आलेली, जाड, तेल लावून चकाकणारी, आईने सकाळी अर्धा तास बसून घातलेली. मी ते पान मागे सारलं आणि सहावं वाचायला घेतलं. तिने पोपला पत्र लिहिलं की...

"बाय," आत्या म्हणाली. मोठ्याने नाही, पण कपेल लहान आहे. "एक पान राहिलं."

सगळं कपेल माझ्याकडे बघायला लागलं. फादरनी पुस्तिकेतलं पान आठवायचा प्रयत्न केला असावा, कारण त्यांच्या चेहऱ्यावरून हळूच रंग उतरला. मी पाचवं पान वर घेतलं आणि वाचलं. तिला लग्न करायचं नव्हतं, पण घरचे ऐकेनात. तेव्हा तिने कात्री घेतली आणि आपले केस मुळापासून कापून टाकले, म्हणजे कुणी मागायला येऊ नये. घरच्यांनी शिक्षा म्हणून तिला घरकामाला जुंपलं, तरी ती बदलली नाही. मग तिच्या बापानेच सगळ्यांना सांगितलं, हिला आता कुणी त्रास द्यायचा नाही.

मग मी कागद बाकावर ठेवले आणि पिशवीतून कात्री काढली.

असं काही कहाण्यांत घडतं तेव्हा एका फटक्यात होतं. माझी कात्री कापडाची आणि बोथट. वेणी मनगटाएवढी. मी मानेजवळ कात्री लावली आणि ती चर्र करून अडकली. सोडवली, पुन्हा लावली. डोळ्यांतून पाणी वाहतंय, नाक गळतंय, आणि केस पाव इंच कापले गेलेत. मागच्या रांगेतून इनास मेस्त्रीचा आवाज आला, "करवत आणू का?" आणि अर्धं कपेल खदखदलं.

वडील उठले. त्यांचा चेहरा मी तसा कधी बघितला नव्हता. राग नव्हता तो. ते माझ्या दिशेने आले आणि आत्या जमिनीवरून उठून मध्ये उभी राहिली. ती त्यांच्या खांद्यालाही लागत नव्हती.

"पास्कू, बस."

"कातूबाय, तू सर बाजूला."

"तिच्या हातांनी करतेय ती," आत्या म्हणाली. "तिच्याच हातांनी. नीट बघ आणि खाली बस."

आणि वडील बसले. का, ते मला तेव्हा कळलं नाही. मी कात्री चालवत होते.

शेवटचा तिढा तुटला तेव्हा वेणी जिवंत जनावरासारखी फरशीवर पडली. मी ती उचलून नव्या कातरीनच्या पायाशी, त्या दाढीवाल्या दगडावर ठेवली. मग रेजीनमावशी उठली, पदर सावरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आम्ही नवरी बघायला आलो होतो. सोललेली कोंबडी नको आम्हाला." दोडती मंडळी रांगेने बाहेर पडली. ऑस्टिन सगळ्यांत मागे होता. दारातून तो वळला आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्याशी बोलला. म्हणाला, "थँक्यू."

फादर यूजीननी आशीर्वाद घाईघाईत उरकला.

घरी पाहुण्यांसाठी केलेलं जेवण, मैद्याच्या तळलेल्या फुग्यांची टोपली धरून, तसंच होतं. आईने आधी माझ्या डोक्यावरून हात फिरवला, मग म्हणाली, "इतके फुगे आता कोण खाणार?" आणि तीच खायला बसली. वडील ओट्यावर पाठ करून बसले होते. आत्या आत आली, एक ताट वाढून घेतलं आणि त्यांच्यापुढे ठेवलं.

"जेव," ती म्हणाली. "आणि सांग तिला. नाहीतर मी सांगेन, आणि मी सांगितलं तर तुला आवडणार नाही."

वडिलांनी सांगितलं, ते माझ्याकडे न बघताच.

आत्या सतरा वर्षांची असताना त्यांची आई गेली. वडील पाच वर्षांचे, मध्ये आणखी दोघं. आत्याला बावतीस नुनीस नावाच्या मुलाची मागणी येणार होती. तोही राजी, तीही राजी. माझ्या आजोबांनी विचार केला की ही गेली तर घर कोण बघणार. सणाच्या दिवशी त्यांनी लाल रिबीन आणली, धाकट्या पास्कूला काखेत धरून वर उचललं आणि त्याच्याकडून तिच्या नावाची गाठ मारून घेतली. "मला गाठ यायला लागली होती नुकती," वडील म्हणाले. "लोक शाबास म्हणाले. मला वाटलं, मोठं काम केलं." दुसऱ्या वर्षीही. तिसऱ्या वर्षीही. बावतीस तीन वर्षं थांबला. चौथ्या वर्षी त्याने अर्नाळ्याची मुलगी केली. त्या नोव्हेंबरात आत्या स्वतः रिबीन घेऊन चाकाकडे गेली आणि त्यानंतर दरवर्षी गेली.

"दरवर्षी मी तिथेच उभा असायचो," वडील म्हणाले. "ती गाठ मारायची आणि माझ्याकडे बघायची."

"मी कशाला बघतेय तुझ्याकडे?" आत्या म्हणाली. "तुझ्या शर्टाला बटणं आहेत का ते बघायचे. कधीच नसायची."

"रोमने सांत कातरीनला काढली तेव्हा मला वाटलं, सुटलो. ते चाक जळलं की संपलं. धाकटी कातू अशी राहायला नको. हिचं लग्न होऊ दे."

आत्याने त्यांच्या ताटात आणखी एक फुगा टाकला. "चाकाचा काय दोष? ते बिचारं लाकडाचं. तुझ्या हातात दुसऱ्याने रिबीन दिली आणि आता तू हिच्या हातात नवरा देत होतास. तुझं वय बदललं, बाकी काय बदललं?"

वडील जेवले नाहीत, पण त्यांनी ताट बाजूलाही सारलं नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी माझी ट्रंक सायकलला बांधली आणि मला स्टेशनवर सोडलं. गाडी आली तेव्हा म्हणाले, "एप्रिलमध्ये परीक्षा ना? पेपर कधी ते कागदावर लिहून आधी पाठव. मी मेणबत्ती लावीन." कुठल्या कातरीनपुढे, ते त्यांनी सांगितलं नाही.

मी परीक्षा दिली आणि केसांची झुडपं घेऊन जिल्हा परिषदेच्या शाळेत रुजू झाले. पस्तीस वर्षं शिकवलं. सत्ताविसाव्या वर्षी लग्न केलं, शाळेतल्याच एका शिक्षकाशी, माझं मी ठरवून. ते गेले, त्याला आता नऊ वर्षं झाली. केस पुन्हा गुडघ्यापर्यंत कधीच वाढले नाहीत आणि दर उन्हाळ्यात मला त्याचा आनंद होत आला.

ऑस्टिनने त्याच जानेवारीत गोदीतल्याच एका टायपिस्टशी लग्न केलं. तिचं नाव तो आईला सांगू शकत नव्हता, म्हणून गप्प असायचा. रेजीनमावशीने म्हशी विकल्या. इनास मेस्त्री नव्वद वर्षं जगला आणि शेवटपर्यंत सांगत राहिला की कपेलातली करवतीची गोष्ट तो मनापासून म्हणाला होता. फादर यूजीननी पाच वर्षांनी झगा उतरवला आणि बंगलोरला जाऊन संसार मांडला. बायकोचं नाव तेरेजा. आम्ही पत्र पाठवून विचारलं, कुठली तेरेजा, त्या तर कातरीनपेक्षाही जास्त आहेत. उत्तर आलं नाही. २००२ साली रोमने आलेक्झांड्रियाच्या कातरीनला पुन्हा कॅलेंडरात घेतलं. तेव्हापासून गावात वर्षाला दोन सण होतात, एकाच पुतळ्यापुढे, आणि कुणाची तक्रार नाही, कारण डुक्करही दोनदा कापतात.

वडील १९९१ साली गेले. शेवटची काही वर्षं त्यांच्या शर्टाची बटणं आईच लावायची, आणि ती गेल्यावर मी.

आत्याने पुन्हा रिबीन बांधली नाही, बांधायला काही उरलंही नव्हतं. पण साठाव्या वर्षी तिने माझ्याकडे वाचायला शिकायचा हट्ट धरला. रोज संध्याकाळी पाटी घेऊन माझ्यासमोर बसायची आणि चुकलं की मलाच रागवायची. दोन वर्षांत तिला वर्तमानपत्र वाचता यायला लागलं. तिला मृत्यूच्या बातम्या सर्वांत आवडायच्या. मोठ्याने वाचून आम्हाला ऐकवायची आणि मेलेल्यांचे खरे स्वभाव सांगायची.

१९७७ साली एका सकाळी तिने बावतीस नुनीसची बातमी वाचली. एकेका अक्षराखाली बोट ठेवून, घाई न करता. त्याचं वय, त्याचं गाव, त्याच्या बायकोचं नाव, चार मुलांची नावं, सुनांची, जावयांची, मग नातवंडांची, अकरा होती. एकही नाव तिने गाळलं नाही. सगळं संपल्यावर तिने चष्मा पुसला.

"बरं लिहिलंय," ती म्हणाली आणि केळ्यांचा भाव बघायला पान उलटलं.